गजराच्या मानेसोबत सारंगखेड्याला

लढाई सुरू झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि कामाशिवाय प्रवास करणे हा जवळजवळ गुन्हा झाला आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी जुन्या प्रवासांच्या वह्या काढून बसते. माझ्या वह्या म्हणजे याद्या: काय नेले, काय परत आणले, काय विसरले. खांडबाऱ्याच्या दोन खेपांची यादी वाचली की ईथरचा, ओल्या बैलांचा आणि भाजलेल्या वाळूचा वास येतो. तिकडे कोणी सहज म्हणून जात नाही. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पुण्याच्या एका इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीची व्यवस्था माझ्याकडे होती. परचुरे डॉक्टर तेथे लहान मुलांची मान, घसा आणि कवटीच्या तळाजवळचे आजार पाहत. फार कमी बोलणारा माणूस. वर्षातून दोनदा ते आठवडाभरासाठी पश्चिम खानदेशात, नवापूरच्या डोंगरांतल्या एका लहानशा दवाखान्यात जाऊन तिथली अडलेली ऑपरेशने करत. लढाईच्या तीनचार वर्षे आधी श्रावणात त्यांनी मला विचारले, "येता का? तुमच्या याद्यांची तिथे गरज आहे." मी त्याच संध्याकाळी यादी केली. एकसष्ट वस्तू झाल्या.

खांडबारा, श्रावण

भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने नंदुरबार मागे टाकले की सपाट काळी जमीन संपते आणि सागाची झाडे रुळापर्यंत येतात. खांडबाऱ्याला उतरलो तेव्हा पाऊस थांबून ऊन पडले होते आणि स्टेशनाबाहेर आठवडी बाजार भरला होता. रानभाज्यांचे ढीग होते. त्यांतल्या निम्म्या मला ओळखता आल्या नाहीत, आणि ज्या ओळखल्या त्या आमच्याकडे गुरांना घालतात. दवाखाना तेथून चार मैल. बैलगाडीत उपकरणांच्या पेट्या मध्ये आणि आम्ही कडेला. ओढ्यात बैल थांबले, पाणी पेट्यांच्या तळाला लागले, आणि डॉक्टरांनी सर्वांत मोठी पेटी उचलून मांडीवर घेतली. ती चाळीस पौंडांची होती.

दवाखान्यात आमची वाट पाहत होत्या रूथबाई. जवळच्याच डोंगरातल्या गावच्या, ख्रिस्ती घरातल्या, तिशीच्या. घरी त्यांची कोकणी बोली (कोकणातली नव्हे, तिथल्या डोंगरातल्या कोकणा लोकांची), आमच्याशी शाळेतले नेटके मराठी. डॉक्टर नसतील तेव्हा तो दवाखाना त्याच चालवत. माझी यादी पाहून म्हणाल्या, "सिस्टर, यात जेवण कुठं आहे?"

"जेवण राहिलं," मी म्हणाले.

"मग ते माझ्या यादीत," असे म्हणून त्यांनी नागलीची भाकर, उडदाचे घट्ट वरण आणि लाल मिरचीची चटणी पुढे ठेवली. पुण्यात नागली, म्हणजे नाचणी, आम्ही आजाऱ्याला आंबील म्हणून देतो. तिथे ती धडधाकट माणसाचे जेवण आहे. त्या आठवड्यात मी इतकी जेवले की परत आल्यावर मला गव्हाची पोळी कागदासारखी लागू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजरा आली. सहा वर्षांची. तापीकाठच्या, सारंगखेड्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याची मुलगी. बाप नथू पाटील, अंगाने दणकट, घोड्यांचा शौकीन. आई झुंबर, बारीक आणि तिखट. नंदुरबारच्या कोणीतरी त्यांना सांगितले होते की पुण्याचा डॉक्टर डोंगरात येतो.

मुलगी दोन्ही तळवे हनुवटीखाली धरून उभी होती. डोके जणू पाण्याने भरलेली घागर आहे आणि ते सांडेल. कोणी हाक मारली तर मान न वळवता सगळे अंग वळवायची. श्वासाला घरघर होती, आणि चार दिवसांपासून पेजसुद्धा नाकातून परत येत होती. डॉक्टरांनी हळूच बोट तोंडात घालून घशाची मागची भिंत चाचपली. मग बोट काढून बराच वेळ हात धुतले.

ओसरीवर बसून त्यांनी आईबापांना समजावले. त्यांना इतके बोलताना मी त्याआधी ऐकले नव्हते. मानेचे सर्वांत वरचे दोन मणके, ज्यांच्यावर कवटी टेकलेली असते, ते क्षयाने पोखरले गेले होते. तिथला पू घशाच्या मागे साठून श्वासाची वाट दाबत होता. तो काढला नाही तर मुलगी गुदमरणार. आणि मणके कच्चे असल्याने मान एकदा जरी जोरात पुढे झुकली, तरी आतला मज्जारज्जू दाबला जाऊन मुलगी जागच्या जागी जाऊ शकते.

मग त्यांनी पाटी मागवली आणि खडूने डोके, मान आणि पुवाची जागा काढली. "इथं पोचायला दोन वाटा आहेत. एक तोंडातून. घशाच्या मागच्या भिंतीला छेद दिला की झालं, एका मिनिटाचं काम. दुसरी बाहेरून. कानामागून जो जाड स्नायू हासळीच्या हाडाकडे उतरतो, त्याच्या मागच्या कडेने आत शिरायचं. मेंदूला रक्त नेणारी धमनी पुढे सारायची, खांद्याची नस सांभाळायची, आणि मणक्यांच्या पुढून पुवापर्यंत जायचं. तासभर तरी लागेल. मी बाहेरून जाणार."

"म्हंजे मान कापशात?" झुंबरने विचारले.

"कानाखाली, मागच्या बाजूला. एवढी." डॉक्टरांनी दोन बोटांची रुंदी दाखवली.

नथू पाटलाने पागोटे काढून मांडीवर ठेवले. "डॉक्टरसाहेब, पोर शे. उद्या तिनं लगीन करनं शे. मानवर डाग दिसना तर कोन करी तिले? तोंडमाईनच फोडी टाका ना. एक मिनिटनं काम शे, तुम्हीच म्हनतस."

डॉक्टर म्हणाले, तोंडात कितीही धुतले तरी घाण असतेच. ताजा, गरम पू असता तर मी तोंडातूनच फोडला असता, पण हा क्षयाचा थंड पू आहे. तोंडातून वाट केली तर ती घाण थेट पोखरलेल्या हाडात जाईल, आणि मग ते हाड भरणार नाही. शिवाय पू एकदम फुटून छातीत उतरला तर टेबलावरच सगळे संपेल.

नथू पाटील ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हते. मी पुण्यात अनेक बाप पाहिले होते. हा उठून मुलीला घेऊन जाणार असे मला वाटले, आणि चार मैलांची ती बैलगाडी, ते ओढ्यातले धक्के माझ्या डोळ्यांपुढे आले. तेवढ्यात तो बायकोला म्हणाला, "आपला कबऱ्याले काय व्हयनं व्हतं, याद शे का?"

कबऱ्या म्हणजे त्याचा घोडा. पाटील आमच्याकडे वळला. "त्याले असंच गळामां गाठ व्हयनी व्हती. घरघर करे, चारा खाये ना. घोडासना वैदू उना, त्यानी जबडाखाले बाहेरथून चीर दिन्ही. मी इचारं, तोंडमाईन काबर नही? तो म्हने, तोंडमा चारा जास, माती जास. ज्या दारथून घान येस ते दार उघडं करू नही." त्याने डॉक्टरांकडे असे पाहिले की जणू आता कुठे ते त्याच्या परीक्षेला उतरले. "तुम्ही त्यानाच गत सांगी ऱ्हायनात."

"घोडानं लगीन नही करनं पडस!" झुंबर फणकारली.

"कबऱ्यानं तर चार सालमां चार जागे जमाडं मी," पाटील म्हणाला. रूथबाईंना हसू आवरेना. झुंबर हसली नाही. तिने मुलीच्या कानामागे हात फिरवला, केस पुढे ओढून पाहिले, मागे सारून पाहिले. मग म्हणाली, "वेणी आठून घालसू, डाग झाकाई जाई. करा."

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झाले. खिडकीतून उजेड चांगला होता. अशा मुलाला पूर्ण गुंगी देता येत नाही, कारण गुंगीत घसा सैल पडला की उरलेली वाटही बंद होते. म्हणून जागेवर बधिर करण्याची सुई आणि वर अगदी थोडे ईथर. डोके एका रेषेत धरून ठेवायचे काम रूथबाईंकडे दिले. त्या उशाशी गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हातांत ते छोटे डोके घेतले, आणि त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटत राहिल्या. ते गाणे होते की प्रार्थना, मी कधी विचारले नाही. सत्तर मिनिटे त्यांचे हात हलले नाहीत.

डॉक्टर चाकू फारसा वापरत नव्हते. त्वचेनंतर बहुतेक वाट त्यांनी बोथट कात्रीने आणि बोटाने केली. एकेक पडदा बाजूला करत, थांबत, पुन्हा चाचपत. एका क्षणी ते म्हणाले, "ही धमनी. बोट ठेवा." माझ्या बोटाखाली तिची धडधड लागली. अंगणात कोंबडी ओरडत होती ते मला आजही ऐकू येते. मग त्यांचे बोट खोल गेले आणि पू आला, ताकासारखा पातळ, लोण्याचे कण तरंगावेत तसा.

खोलीतली घरघर एकदम थांबली. मी दचकून मुलीच्या छातीकडे पाहिले. छाती सावकाश वरखाली होत होती. सकाळपासून त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की तिचा सरळ श्वास मला मृत्यूसारखा वाटला.

जखमेत नळी न ठेवता डॉक्टरांनी ती पुरती शिवून टाकली. हात धुताना फक्त म्हणाले, "आत गेल्यावर बाहेर येताना दार लावून घ्यायचं."

पुढचे काम धीराचे होते. मणके भरेपर्यंत मुलीने पाठीवर सपाट निजायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मी पुण्याहून पिशव्या नेल्या होत्या, वाळू नाही. रूथबाईंनी नदीची वाळू धुऊन, फुटाणे भाजावेत तशी कढईत भाजली आणि गरम गरम पिशव्यांत भरली. झुंबर तिथेच राहणार होती, नथू पाटील शेतीसाठी परतणार होता. आम्ही निघालो तेव्हा झुंबर ओसरीच्या एका टोकाला स्वतःची चूल मांडत होती, आणि रूथबाईंनी भरून दिलेला हंडा तिने गुपचूप ओतून स्वतः विहिरीवर नेला होता. मी पाहिले. रूथबाईंनीही पाहिले. त्या म्हणाल्या, "चार महिने आहेत, सिस्टर."

खांडबारा, मार्गशीर्ष

दुसऱ्या खेपेला थंडी होती. दवाखान्यात शिरले तर ओसरीवर एकच चूल होती. झुंबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर थापत होती आणि रूथबाई खाली बसून खात होत्या, भाकरीवर कच्चे तेल आणि तिखट घालून. "बसा बाई, तुम्हीबी ल्या," झुंबर म्हणाली. तेल कच्चे ओतून खाण्याची कल्पना मला सहन होत नव्हती. तीन भाकरी खाल्ल्या.

गजरा पाठीवर निजून छताच्या वाशांना नावे देत होती. गालांवर मांस चढले होते. डॉक्टरांनी तिला तपासले, हातापायांची ताकद पाहिली, तिच्याकडून गिळवून घेतले, आणि म्हणाले, "आता उभी करू. पण मानेला प्लास्टरचा आधार हवा, निदान वर्षभर. मग घरी जाऊ दे."

प्लास्टरचे डबे श्रावणातच मी तिथल्या कपाटात ठेवून गेले होते आणि यादीत त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली होती. खूण केली, डबा उघडून पाहिला नाही. आता उघडला तर पावसाळ्याच्या ओलीने प्लास्टरचा दगड झाला होता. दुसराही तसाच. माझ्या आयुष्यात डॉक्टरांनी मला रागावण्याचे जे थोडे प्रसंग आले, त्यांत हा सर्वांत वाईट होता, कारण ते रागावलेच नाहीत. बाहेर जाऊन उभे राहिले.

मुलीला न्यायला आलेला नथू पाटील पायरीवर बसला होता. सगळे कळल्यावर म्हणाला, "मान धराले काय पाहिजे? टणक बी आनि मऊ बी, ना? ते तर खोगीर शे." सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा नुकतीच सुरू झाली होती. तिथे खोगीर, लगाम, पट्टे करणारे कारागीर येतात.

मी दोऱ्याने मापे घेतली. हनुवटीपासून हासळीपर्यंत, कानामागून खांद्यापर्यंत, गळ्याचा घेर, डोक्याच्या मागचा उंचवटा. प्रत्येक दोऱ्याला वेगळ्या गाठी मारल्या आणि कागदावर चित्र काढून दिले. पाटील त्याच गाडीने गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. पिशवीतून त्याने काढलेली वस्तू पाहून डॉक्टर प्रथमच मोठ्याने हसले. जाड चामड्याचा पट्टा, आत खोगिराखाली घालतात तो लोकरीचा नमदा, हनुवटीला खोलगट वाटी, मागे दोन पितळी बकल. काठाला लाल दोऱ्याची नक्षीसुद्धा होती, ती मी सांगितली नव्हती.

पट्टा बांधून गजराला उभी केली. झुंबर, रूथबाई आणि मी तिघी तिला धरून होतो. ती डोळे मिटून उभी राहिली, मग हळूच हनुवटीखालचे हात सोडले आणि दोन्ही हात पाहत म्हणाली, "माय, हात रिकामा व्हई ग्यात!"

दोंडाईचा, तापी, सारंगखेडा

मुलीला घरापर्यंत पोचवून तेथूनच परतावे, असे डॉक्टरांनी मला सांगितले. रूथबाई स्टेशनवर आल्या. झुंबरने त्यांच्या ओटीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून रडल्या. गार्डाने शिट्टी वाजवली तेव्हा दोघी एकदमच त्याच्यावर ओरडल्या, एक अहिराणीत आणि एक कोकणीत.

दोंडाईच्यापासून पुढे टांगा. पाटलाने टांगेवाल्याला घोडा चालवू दिला नाही, स्वतः लगाम धरून पायी चालला, प्रत्येक खड्ड्यापाशी घोड्याशी बोलत. तापी नावेने ओलांडली. श्रावणात तिचे पाणी कसे असते ते झुंबरने सांगितले. मार्गशीर्षातली तापी निळी, रुंद, निवांत होती. पैलतीरावर जत्रेची धूळ दिसत होती.

जत्रेत हजारभर घोडे एकाच वेळी खिंकाळतात तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. आमच्याकडे जत्रा म्हणजे देवळाची रांग. इथे दत्ताच्या देवळाइतकीच गर्दी घोड्यांच्या दातांभोवती होती, कारण दातांवरून वय जोखतात. गजराच्या हनुवटीला पट्ट्याचा काठ घासू लागला होता म्हणून आम्ही त्या कारागिराकडे गेलो. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, समोर खोगिरांची रास. त्याने मुलीला पाहिले आणि हातातली आरी खाली ठेवली. "हमने सोचा था घोडी का बछडा होगा," तो म्हणाला, "इतना बारीक नाप!" मग त्याने वाटीचा काठ सोडवून नमद्याची आणखी एक पट्टी आत शिवली. प्रत्येक टाक्याला तो आधी आपल्या हनुवटीवर घासून पाही. गजरा त्याच्याकडे न हलता पाहत होती. शेवटी त्याने पट्ट्याला एक छोटा घुंगरू लावला. मी म्हणाले, त्याची गरज नाही. तो म्हणाला, "गरज किस चीज की है, बाई, वो आप जानो. शौक की बात मैं जानता हूँ."

वाचकाला टांगणीला लावून ठेवणे मला आवडत नाही, म्हणून पुढचे आधी सांगते. वर्षाने नथू पाटलाचे पोस्टकार्ड आले, शाळामास्तरांकडून लिहवलेले. पट्टा निघाला होता. मान सरळ होती, डावीकडे वळताना थोडी अडत होती. गजरा शाळेत जात होती, आणि वेणी उजव्या बाजूने घालत होती. परचुरे डॉक्टरांनी ते कार्ड वाचून टेबलाच्या खणात ठेवले. ते गेल्यावर खण आवरताना मला ते तिथेच सापडले. डॉक्टर गेल्यापासून खांडबाऱ्याला पुण्याहून कोणी गेले नाही.

आता शेवटचा दिवस.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. दारात बायकांनी गजरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नथू पाटलाची म्हातारी आई, सगळे जिला मोठी माय म्हणत, तिने मुलीला जवळ घेतले आणि पट्ट्यावरून हात फिरवला. मी प्रवासात चौदा सूचनांची यादी केली होती. धावायचे नाही, डोक्यावर ओझे नाही, उशी नाही, झाडावर नाही, आडवी झाल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. पाटलाने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मला अंगणातल्या बाजेवर बसवून पुढ्यात फुनके आणि कढी ठेवली. वाफवलेल्या डाळीचे ते मुटके इतके चविष्ट होते की मी झुंबरला कृती विचारून लिहून घेत होते.

लिहिता लिहिता मान वर केली. उंबऱ्याबाहेर जोडे काढून ठेवले होते. त्यांच्या शेजारी, लाल नक्षीचा काठ वर करून, गजराचा पट्टा ठेवला होता.

ताट कलंडले. मी पायांतल्या वहाणांसकट आत धावले.

देवघरापुढे चारपाच बायका होत्या. मध्ये गजरा उभी, दोन्ही तळवे हनुवटीखाली घट्ट धरून. तिची काकू लाडीगोडीने म्हणत होती, "देवना पाया पड वं बेटा. चार महिना नवस करेल शे. हात जोड, वाक."

"मन्हा हात रिकामा नहीत," गजरा म्हणाली.

"एकच डाव वाक ना!" काकूचा हात तिच्या मानेमागे गेला होता.

मी तो हात धरला. धरला म्हणजे झटकला. मग बाहेरून पट्टा आणला, तो देवापुढेच तिच्या गळ्यात बांधला, दोन्ही बकल लावले, आणि खाली बसले. काकू रडवेली होऊन म्हणाली, "चामडं शे ते, बाई. देव्हाराजोडे कसं चाली? म्हनून जराखं काढं."

ती काय चुकली होती? आमच्या घरीही देवघरात चामडे चालत नाही. लहानपणापासून मी घड्याळाचा पट्टासुद्धा बाहेर काढून आत जाते. चौदा कलमे लिहिली, त्यांत ओझे होते, झाड होते, उशी होती. देव नव्हता. डॉक्टरांचे नियम माणसांसाठी असतात आणि देवापुढे ते क्षणभर बाजूला ठेवायचे असतात, हे त्या घरात कोणी ठरवले नव्हते. ते तसेच असते, आणि मलाही ते तसेच माहीत होते.

मोठी माय खांबाला टेकून बसली होती. तिने मला विचारले, "ती वाकती तं काय व्हतं?"

मी सांगितले, "गेली असती."

म्हातारी उठली, देव्हाऱ्यापाशी गेली, आणि तबकातली फुले बाजूला सारून त्यात खंडोबाचा टाक ठेवला. बोटभर चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला देव.

"मोठी माय," काकू दबक्या आवाजात म्हणाली, "पन ते चामडं..."

"चूप वं," म्हातारी म्हणाली. "हाऊ देव घोडावर बसस. त्यानं खोगीर काय कापूसनं शे?"

तिने तबक दोन्ही हातांनी उचलले. झुंबरने खालून आधार दिला. तबक वर वर येत मुलीच्या कपाळासमोर थांबले. "ले," मोठी माय म्हणाली, "आज तोच उना वर."

गजराने मान हलवली नाही. टाक पुढे आला आणि तिच्या कपाळाला टेकला.